बनावट पत्रे आणि विकाऊ मजकूर

वृत्तपत्रांचा दर्जा खालावला काय, असा प्रश्न निघाला की बोलणाऱ्याची दृष्टी केसरीच्या आरंभकाळाकडे वळते, आणि त्या काळचे संपादक म्हणजे प्रमाद ठाऊकच नसलेले ऋषी होते अशा थाटात आजच्या संपादकांची खरडपट्टी सुरू होते. या स्मरणरंजनाला 1882 सालचा एक फौजदारी खटला मात्र फार अडचणीचा आहे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असून त्याच्या मुळाशी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असे केसरी आणि मराठा या वृत्तपत्रांनी लिहिले. हाती आलेल्या ज्या पत्रांवर त्यांचे संपादक टिळक आणि आगरकर विसंबले, त्यांची पुरेशी शहानिशा झाली नव्हती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली व त्यांपैकी 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. (त्यांच्या जामिनाची तजवीज करण्यास जोतीराव फुले पुढे झाले होते, हे पुण्यातील वादप्रिय मंडळींना सहसा आठवत नाही.)

म्हणजे सुवर्णयुगातही चूक झाली, आणि ती लहानसहान नव्हती. परंतु ती भोळ्या विश्वासाची चूक होती, आणि मजकुराला जबाबदार कोण, हे बर्व्यांना, न्यायाधीशाला आणि वाचकाला सारखेच ठाऊक होते. आगरकरांनी तर त्या कारावासावर पुस्तकच लिहिले.

आता 2009 ची विधानसभा निवडणूक पाहावी. त्या वेळी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. येथे कोणी फसले नव्हते. उमेदवाराकडून ‘पॅकेज’ घेऊन जाहिरातीला बातमीचा वेष चढवण्यात आला होता. असे का घडते, याचे उत्तर तालुक्याच्या गावी मिळते. अंकाच्या किमतीतून कागदाचाही खर्च निघत नाही, म्हणून वाढदिवसाच्या आणि वर्धापनदिनाच्या जाहिराती गोळा करण्याचे काम वार्ताहराच्याच गळ्यात पडते. आणि ज्या सभापतीकडे तो सकाळी जाहिरात मागण्यास गेला, त्याच्याच रस्त्याच्या कंत्राटाविषयी त्याने संध्याकाळी निर्भीडपणे लिहावे, अशी अपेक्षा आपण चार-पाच रुपयांत बाळगतो. प्रस्तुत पुरवणीही जाहिरातींवरच चालते, हे येथे कबूल केलेले बरे.

त्या प्रकरणानंतर प्रेस कौन्सिलने नेमलेल्या द्विसदस्य उपसमितीने पैसे घेणाऱ्या वृत्तपत्रांविषयीच्या तक्रारी नावांनिशी नोंदवल्या. कौन्सिलने मात्र 2010 साली नावे गाळलेला संक्षिप्त अहवाल पुढे केला आणि मूळ अहवाल दप्तरी ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश झाल्यावर 2011 साली तो उघड झाला. बनावट पत्रांपायी तुरुंगात गेलेल्या संपादकांची नावे लपवावी, असे 1882 साली कोणाच्या मनातही आले नव्हते.