पालथा फोन आणि कमोडोर पॉलराज

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या एका अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे : 'फोन सायलेंट करून पालथा घालून ठेवते, तरी थोड्या थोड्या वेळाने हात तिकडे जातोच. माझं मन कमकुवत आहे, की फोनमध्येच तसं काही आहे?' पुढे तिने असंही विचारलंय, की आता सिक्स-जी येणार, फोनमध्ये एआय येणार, त्याने हे सुधारेल की आणखी बिघडेल?

मन कमकुवत नाही, हे आधी स्वच्छ सांगतो. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे आठशे जणांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काहींचा फोन टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा शेजारच्या खोलीत. सगळ्यांचे फोन मुके. मग स्मरणाच्या आणि तर्काच्या चाचण्या. ज्यांचा फोन शेजारच्या खोलीत होता, त्यांना सर्वांत चांगले गुण पडले आणि टेबलावर फोन असलेले मागे पडले. गंमत म्हणजे, फोनचा विचार मनात येत होता का, असं विचारल्यावर बहुतेकांनी 'नाही' म्हणून सांगितलं. पुढे इतरांनी हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल दर वेळी असा आला नाही. त्यामुळे 'फोनमुळे मेंदू खंगतो' अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नये. मात्र फोन वाजला आणि आपण तो उचललासुद्धा नाही, तरी हातातल्या कामात चुका वाढतात, हे फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं. ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण लक्ष तुटायला फोन हातात घ्यावाच लागतो असं नाही, एवढं त्यातून कळतं.

ही ओढ येते कुठून? तिचं मूळ शोधताना मी दर वेळी एका शनिवारच्या दुपारी जाऊन पोहोचतो. १९३० च्या दशकातली ही गोष्ट. बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ हार्वर्डमध्ये उंदरांवर प्रयोग करत होते. उंदराने दांडी दाबली की खाऊची एक गोळी पडायची. त्या गोळ्या बाजारात मिळत नव्हत्या. औषधांच्या गोळ्या वळायच्या जुन्या यंत्रावर स्किनर त्या स्वतः करायचे. त्या शनिवारी त्यांनी डबा पाहिला, तर सोमवारी सकाळपर्यंत साठा संपणार होता. उरलेली दुपार आणि संध्याकाळ गोळ्या वळण्यात घालवायची नसेल तर काय करावं? त्यांनी ठरवलं, दर दाबणीला गोळी द्यायची नाही, मिनिटाला एकच द्यायची. उंदीर कंटाळून दांडी सोडून देईल असं आपल्याला वाटतं. उंदराने ती सोडली नाही, तो दाबतच राहिला. स्किनरनी हा किस्सा १९५६ मध्ये स्वतःच लिहून ठेवला आहे. शिस्तबद्ध आराखड्यापेक्षा शनिवारची संध्याकाळ मोकळी मिळावी या इच्छेतून एवढा मोठा शोध लागला, हे मला फार आवडतं.

पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्यासोबत त्यांनी कबुतरांवर वर्षानुवर्षं मोजमापं केली आणि १९५७ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसेल, तर प्राणी सर्वांत चिवटपणे टोचत राहतो आणि बक्षीस बंद झाल्यावरही बराच काळ थांबत नाही, असं त्यात दिसलं. फोनवर बोट वर सरकवलं की कधी मैत्रिणीचा मेसेज येतो, कधी जाहिरात, कधी निकालाची बातमी, आणि बहुतेक वेळा काहीच नाही. हा नेमका तोच बेभरवशाचा हिशेब आहे. २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने पानाचा शेवटच काढून टाकणारी रचना तयार केली. खाली जात राहा, मजकूर येतच राहतो. थांबायची खूण नाहीशी झाली. आपण हे करायला नको होतं, असं त्यांनी नंतर जाहीरपणे म्हटलं आहे.

इथे एका लोकप्रिय समजुतीची झाडाझडती घेणं भाग आहे. 'डोपामिन डिटॉक्स' किंवा 'डोपामिनचा उपवास' नावाने शिबिरं भरतात, रील फिरतात. डोपामिन हे मेंदूतलं रसायन म्हणजे शरीरात साठणारं विष नव्हे, की उपाशी राहिल्याने त्याचा निचरा होईल. ते कमी पडलं तर हात-पाय हलवणं अवघड होतं. पार्किन्सनच्या रुग्णांना तेच भोगावं लागतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूत पाहिलं ते याहून कितीतरी सुंदर आहे. दिवा लागला की फळांचा रस मिळतो, हे माकडाला एकदा समजलं की डोपामिनच्या पेशी रसाला नव्हे, दिव्याला प्रतिसाद देतात. रस आला नाही तर त्या गप्प होतात. २००३ च्या प्रयोगात असंही दिसलं, की रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल तेव्हा, वाट पाहताना या पेशींची धडपड सर्वांत जास्त असते. म्हणजे पालथ्या फोनमध्ये काही आलं असेल का, ही अनिश्चितताच ओढते. आत काय आहे याला त्या मानाने महत्त्व कमी.

'व्यसन' हा शब्दही मी जपून वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचं व्यसन नाही. याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास बाह्यरुग्ण विभाग चालतो आणि तिथे येणाऱ्या मुलांचे हाल खरेच असतात. पण अभ्यासात मन लागत नाही म्हणून स्वतःला व्यसनी ठरवणं हा स्वतःवर अन्याय आहे.

ही ओढ स्किनरच्या काळापासून माहीत होती, मग घराघरात ती आत्ताच का शिरली? कारण दुसरा शोध आधी लागावा लागला. एका माणसाच्या हातात अखंड चित्रफीत पोहोचवायची तर हवेतून प्रचंड माहिती जावी लागते आणि लहरींची जागा तर ठरलेली. ही अडचण ज्यांनी सोडवली, त्यांची नावं आपल्या मुलांना माहीत नाहीत याची मला मनापासून खंत वाटते.

आरोग्यस्वामी पॉलराज तमिळनाडूतल्या पोल्लाचीचे. पंधराव्या वर्षी ते पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएत दाखल झाले आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी लोणावळ्याच्या नौदल महाविद्यालयातून घेतली. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'आयएनएस खुकरी' बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि पावणेदोनशेहून अधिक नौसैनिक गेले. पाणबुडीचा ठाव घेणारी आपली सोनार यंत्रणा तोकडी होती. ती सुधारण्याचं काम या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. पुढे कोचीत त्यांच्या पथकाने 'अपसोह' ही देशी सोनार यंत्रणा उभी केली आणि १९८३ मध्ये ती नौदलाच्या जहाजावर बसली. समुद्रात आवाज तळावर आपटतो, पृष्ठभागावर आपटतो, त्याच्या दहा प्रती गोळा होतात. त्या गोंधळातून खरी खूण वेगळी काढायची, हे पॉलराज यांचं वर्षानुवर्षांचं काम होतं.

नौदलातून कमोडोर म्हणून निवृत्त होऊन ते स्टॅनफर्डला गेले, थॉमस कैलाथ यांच्याकडे. हे कैलाथ पुण्याचे! १९३५ मध्ये पुण्यात जन्मलेल्या मल्याळी कुटुंबातला हा मुलगा सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकला, १९५६ मध्ये पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाला आणि एमआयटीतून डॉक्टरेट घेऊन संदेशशास्त्रातला जगन्मान्य गुरू झाला. १९९२ मध्ये या दोघांनी एका पेटंटसाठी अर्ज केला, १९९४ मध्ये ते मंजूर झालं. त्यातली कल्पना आज 'मायमो' या नावाने स्मार्टफोनमध्ये आहे.

ती समजून घ्यायला वेरूळला चला. दहाव्या क्रमांकाचं विश्वकर्मा लेणं, कमानदार छताला कोरलेल्या दगडी फासळ्या, समोर बसलेले बुद्ध. तिथे एक ओळ म्हटली तरी आवाज छतावरून, खांबांवरून, भिंतींवरून परतून येतो. आता दोन माणसं दोन जागांवरून एकाच वेळी, एकाच पट्टीत वेगवेगळी गाथा म्हणू लागली, तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होईल. रेडिओ अभियंत्यांना अगदी हेच भय होतं. इमारतींवर आपटून आलेल्या लहरी म्हणजे उपद्रव, तो टाळायचा, अशी त्यांची शिकवण होती. पॉलराज यांनी उलटं पाहिलं. पहिल्या माणसाचा आवाज ज्या वाटांनी घुमत आला त्या वाटा दुसऱ्याच्या वाटांपेक्षा वेगळ्या आहेत. ऐकायला दोन कान असतील तर दोन्ही कानांवर पडणारं मिश्रणही वेगळं असेल. म्हणजे दोन अज्ञातं आणि दोन समीकरणं. शाळेतलं गणित! दोन्ही आवाज सुटे करता येतात आणि एकाच लहरपट्ट्यातून दुप्पट माहिती जाते. ओसाड माळावर, जिथे लहरी आपटायला काही नाही, तिथे दोन्ही समीकरणं जवळजवळ सारखी होतात आणि गणित अडतं. म्हणजे छत्रपती संभाजीनगरातली दाटीवाटीची गुलमंडी इथे मदतीला येते!

सुरुवातीला यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. पॉलराज यांनी १९९८ मध्ये स्वतःच कंपनी काढून हे चालवून दाखवलं. २००९ मध्ये वायफायच्या मानकात 'मायमो' आलं, फोर-जीमध्ये तर ते पायाच ठरलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचं फोर-जी जाळं खुलं झालं, डेटा स्वस्त झाला आणि आज भारतातला ग्राहक महिन्याला सरासरी वीस जीबीहून जास्त डेटा वापरतो. २०१४ मध्ये पॉलराज यांना मार्कोनी पारितोषिक मिळालं. फाइव्ह-जीसाठी देशाची वाट आखणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच होते. उंच इमारतीच्या गच्चीवर हल्ली जी चपटी, दाराच्या फळीसारखी पेटी दिसते, तिच्यात बहुधा चौसष्ट वेगळे प्रेषक असतात. एकेका फोनच्या दिशेने ती लहरींचा झोत वळवते. ही सगळी पॉलराज-कैलाथांची वंशावळ.

आता त्या विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न. सिक्स-जीची आखणी २०३० च्या सुमाराला धरलेली आहे. त्यात वेग वाढेल, अँटेना वाढतील. पण वाहिनीची क्षमता हजारपटींनी वाढली तरी लक्षाची वाहिनी एकच राहते, तिला दुसरी अँटेना बसवता येत नाही. फोनमधल्या एआयबद्दल मी साशंक आहे. तुम्हाला पुढे काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या गणिताला आणखी बुद्धी मिळाली, तर स्किनरचा हिशेब आणखी नेमका होईल. मिसरूड न फुटलेल्या मुलाला नेमकं काय दाखवलं की तो थांबेल, हे गणिताला कळणं ही चांगली बातमी नाही. याउलट २०२२ पासून काही देशांत काही फोनमधून थेट उपग्रहाकडे संकटसंदेश पाठवता येतो, ही प्रगती मला मनापासून आनंद देते. घाटात अडकलेल्या, टॉवर नसलेल्या वाडीतल्या माणसाला तिचा उपयोग होऊ शकतो.

ओढीवरचा उपाय एकट्याने करायचा नसतो, हे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ओळखलं. कोरोनात वर्ग फोनवर गेले, शाळा उघडल्यावरही फोन मुलांच्या हातातून सुटेना. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठराव केला : रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरातला टीव्ही आणि मोबाइल बंद राहील. सुरुवातीला लोकांना पटेना. मग अंगणवाडी सेविका, आशा ताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. या ठरावातलं शास्त्र मला पटतं. सगळ्यांचाच फोन बंद, म्हणजे आपल्याला काही आलं असेल ही शंकाच उरत नाही. शेजारच्या मैत्रिणीचाही बंद आहे, तर मेसेज पाठवणार कोण?

शहरात भोंगा चालणार नाही. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे कामाचा आहे, आणि तो भारतातल्याच २३७ फोनधारकांवर झालेला. काहींच्या सूचना नेहमीसारख्या येत राहिल्या, काहींच्या पूर्ण बंद केल्या, काहींना त्या दिवसातून तीनदा गठ्ठ्याने मिळाल्या. गठ्ठ्यावाल्यांचं लक्ष जास्त लागलं, ताण कमी झाला. पूर्ण बंदवाल्यांची मात्र बेचैनी वाढली. शुल्ट्झच्या माकडांची आठवण ठेवली की हे नवल वाटत नाही. गठ्ठा ठरलेल्या वेळी येतो, अनिश्चितता संपते.

ही सोय आयफोनमध्ये २०२१ पासून आहे, काही अँड्रॉइड फोनमध्येही वेगवेगळ्या रूपात सापडते. सेटिंगमध्ये सूचनांच्या यादीत जायचं, एकेक ॲप निवडायचं, वेळा ठरवायच्या. घरच्यांचे कॉल, बँकेचे ओटीपी तेवढे मोकळे ठेवायचे. हे सगळं करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि बहुतेकांना ही सोय आहे हेच ठाऊक नसतं, कारण फोन हातात येतो तेव्हा ती बंद असते. कंपन्यांनी ती चालू करूनच फोन विकावेत आणि ज्याला हवी नसेल त्याने ती बंद करावी. सिक्स-जीच्या मानकांवर आपल्या देशाचे प्रतिनिधी चर्चा करतील, तेव्हा वेगाच्या आकड्यांसोबत ही मागणीही त्यांनी मांडावी.