प्रज्वलन कालयोजन, मोटारगाडीतील

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात दाबल्या गेलेल्या हवा-पेट्रोल मिश्रणास दट्ट्याच्या कोणत्या स्थानी ठिणगी मिळावी हे ठरविणे आणि ती त्याच स्थानी पडते की नाही हे तपासून जुळवणी करणे, यास प्रज्वलन कालयोजन म्हणतात. ‘काल’ हा शब्द रूढीने आला असला, तरी मोजमाप सेकंदांत नसून भुजादंडाच्या कोनाच्या अंशांत करतात. पुढील विवेचन मुख्यतः स्पर्शबिंदू व वितरक असलेल्या जुन्या गाड्यांविषयी आहे. १,४८९ घ. सेंमी. एंजिनाची अँबॅसडर व मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या भारतात सर्वपरिचित असलेल्या गाड्या याच वर्गातील होत.

मिश्रण एकदम पेटत नाही. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरण्यास सेकंदाचा अत्यल्प पण निश्चित भाग लागतो. ज्वलनाचा कमाल दाब दट्ट्याने वरचा मृतबिंदू ओलांडल्यानंतर सुमारे १५ अंशांवर निर्माण झाला, तर त्याचा पुरेपूर उपयोग होतो; म्हणून ठिणगी मृतबिंदूपूर्वीच द्यावी लागते. ज्वलनास २ सहस्रांश सेकंद लागतात असे धरल्यास दर मिनिटास ८०० फेरे असताना तेवढ्या अवधीत भुजादंड सु. १० अंश फिरतो, तर ३,००० फेऱ्यांना ३६ अंश. प्रत्यक्षात वेग वाढला की मिश्रणातील खळबळ वाढून ज्वलनही त्वरित होते, त्यामुळे फरक इतका मोठा नसतो. तथापि वेगाबरोबर ठिणगी अधिक आधी पडली पाहिजे, हे यावरून स्पष्ट होते.

आरंभीच्या गाड्यांत हे काम चालकाकडे असे. फोर्ड कंपनीच्या ‘टी’ प्रकारच्या मोटारीत (१९०८—२७) सुकाणू-चक्राखाली त्यासाठी वेगळी दांडी होती. एंजिन हाताने फिरवून सुरू करताना ती मागे घेण्याचे राहिले, तर एंजिन उलट झटका देई व फिरविणाऱ्याचे मनगट मोडे. पुढे चार्ल्स केटरिंग यांच्या घटमाला-प्रज्वलन पद्धतीचा (१९१० च्या कॅडिलॅक गाडीत प्रथम वापर) प्रसार झाला आणि हळूहळू ही दांडी नाहीशी झाली. वितरकातील फिरती वजने वेगानुसार, तर निर्वात-पडदा एंजिनावरील भारानुसार ठिणगी पुढेमागे करू लागला. माणसाकडे उरली ती फक्त मूळ स्थिती बसविण्याची जबाबदारी.

ही जुळवणी करण्याआधी स्पर्शबिंदूंमधील फट नीट केली पाहिजे. हा क्रम उलटल्यास सर्व श्रम वाया जातात. अँबॅसडरच्या एंजिनावरील लुकास वितरकात ती ०·३५ ते ०·४० मिमी. असते. फट वाढली की बिंदू लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते; कॅमवर घासणारी टाच झिजून फट कमी झाली की ठिणगी मागे पडते. गाडी हळूहळू सुस्त होत जाण्याचे एक कारण पुष्कळदा हेच असते.

एंजिन बंद ठेवून जुळवणी करताना पहिल्या सिलिंडराची ठिणगी-गुडदी काढून भोकावर अंगठा ठेवतात आणि एंजिन हाताने फिरवितात. अंगठ्याखाली दाब जाणवला की संपीडनाची धाव चालू आहे असे समजावे. अन्यथा दट्ट्या वर असूनही ती उत्सर्जनाची धाव असू शकते. नंतर कप्पीवरील खूण एंजिनाच्या आवरणावरील ठरलेल्या अंशाच्या दर्शकासमोर आणतात. खूण पुढे गेली तर तेथूनच किंचित उलट फिरवू नये. बरेच मागे नेऊन पुन्हा चालू दिशेनेच यावे, म्हणजे साखळीतील व दात्यांमधील ढिलेपणाची चूक शिरत नाही. १२ व्होल्टचा लहान दिवा वितरकाचे कमी दाबाचे टोक व गाडीचा सांगाडा यांमध्ये जोडून विद्युत् प्रवाह सुरू करतात. वितरकाची पकड सैल करून त्याचे शरीर आतील फिरत्या भुजेच्या दिशेने, दिवा विझेपर्यंत वळवितात आणि मग विरुद्ध दिशेने अगदी सावकाश आणतात. ज्या क्षणी दिवा लागतो, त्या क्षणी बिंदू उघडलेले असतात. तेथेच पकड आवळावी. वितरक भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने त्याला १ अंश वळविल्यास कालयोजन २ अंशांनी बदलते. म्हणून येथे हात हलका हवा.

अधिक विश्वसनीय रीत चमकदिव्याची. पहिल्या गुडदीच्या तारेतून इशारा मिळताच हा दिवा क्षणभर चमकतो, त्यामुळे फिरत्या कप्पीवरील खूण स्थिर दिसते. निर्वात-नळी काढून तिचे तोंड बंद करतात व मंद गतीला खूण पाहतात. वेग वाढविल्यावर ती आगाऊपणाच्या बाजूस सरकली पाहिजे. ती जागची हलली नाही, तर वजने अडकली आहेत असे समजावे. थरथरत असल्यास बहुधा वितरकाच्या दंडाचे धारवे झिजलेले असते. या प्रकाशात पंखाही थांबल्यासारखा किंवा संथ भासतो आणि त्यामुळे बोटे गमावण्याचा धोका असतो. बंद खोलीत चालू एंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड तर प्राणघातकच.

ठिणगी फार आधी पडल्यास चढावर किंवा जड भाराखाली एंजिनातून धातूवर टिचक्या मारल्यासारखे ठोके ऐकू येतात. उरलेले मिश्रण आपोआप भडकल्याचे ते चिन्ह असून दुर्लक्ष केल्यास दट्ट्याचा माथा जळतो. ठिणगी उशिरा पडण्याचे दुष्परिणाम मात्र मूकपणे होतात : शक्ती घटते, पेट्रोल जास्त लागते, एंजिन व निष्कासनळी तापतात. ऐकू न येणारा हा दोष त्यामुळेच अधिक काळ टिकतो. वरच्या गिअरमध्ये ताशी ५० किमी. वेगास वेगवर्धक एकदम दाबल्यावर क्षणभर पुसट ठोके येऊन विरणे, ही कारागिरांची जुनी कसोटी आहे. ऑक्टेन अंक कमी असलेले पेट्रोल वापरल्यास ठिणगी थोडी मागे घ्यावी लागते. याउलट संपीडित नैसर्गिक वायू सावकाश जळत असल्याने त्यावर चालविण्यासाठी बदललेल्या गाड्यांत ती काहीशी पुढे आणतात.

इंधन-अंतःक्षेपणाच्या नव्या गाड्यांत संवेदकांच्या साहाय्याने संगणकच हा कोन ठरवितो व त्यांच्यात फिरविण्याजोगा वितरक नसतो. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि पद्मिनी २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून गेली. त्यामुळे हाताने करावयाची ही जुळवणी आता मुख्यतः जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांपुरती राहिली आहे.