रावेर भागातील गावतळ्यांची निगा

रावेर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग असून दक्षिणेस तापी नदी वाहते. जळगाव जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ७०० मि.मी.च्या आसपास आहे. परंतु हा पाऊस बहुतांशी चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्याच दिवसांत पडतो. एखाद्या रात्री दोन इंच पाऊस झाला म्हणजे गावातील गल्ल्यांतून लोंढे वाहतात, सखल भागातील घरांत पाणी शिरते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर्व पाणी नाल्यावाटे तापीकडे निघून गेलेले असते. हे पाणी वाटेत थोपवून धरण्याचे काम गावतळ्याने करावयाचे असते. अनेक गावी तळे आहे, पण ते हे काम करीत नाही. त्याची कारणे कोणती व उपाय कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम जमिनीची माहिती करून घेणे अगत्याचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपड्यापासून यावल, रावेरकडे गोटे, खडे, रेती व माती यांच्या मिश्रणाचा एक लांबट पट्टा पसरलेला आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांनी युगानुयुगे आणून टाकलेला हा गाळ होय. भूगर्भशास्त्रज्ञ यास ‘बझाडा’ असे म्हणतात. या पट्ट्यावर पडलेले व वाहत आलेले पाणी झपाट्याने खाली मुरते आणि दक्षिणेकडील विहिरी व कूपनलिका यांना मिळते. तापीकडे जावे तसतसे काळ्या मातीचे व चिकण गाळाचे थर वाढत जातात व मुरण्याचा वेग कमी होतो.

या गुणाची जाण आपल्या पूर्वजांना होती. रावेरहून जवळच, मध्यप्रदेशात असलेल्या बऱ्हाणपूर शहरासाठी १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत कुंडी भंडाऱ्याची योजना करण्यात आली. सातपुड्याकडून जमिनीखाली झिरपत येणारे पाणी ओळीने खोदलेल्या कुंड्यांत घेऊन, त्या कुंड्या भुयारी पाटाने एकमेकींस जोडून, केवळ उताराच्या बळावर ते शहरापर्यंत आणले गेले. मोट नाही, पंप नाही. डोंगराच्या पायथ्याशी पाणी मुरू दिले तर ते खाली मिळते, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आज याच पाण्यावर केळीचे पीक उभे आहे. केळीस वर्षभर पाणी लागते. ठिबक सिंचनाने बरीच बचत झाली असली, तरी रावेर व यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी दीर्घकाळ ओळखले जात आहेत आणि कूपनलिकांची खोली वाढतच गेली आहे. तापी खोऱ्यातील महाकाय पुनर्भरण योजनेबाबत मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्यप्रदेश या दोन राज्यांत करार झाला. ती योजना व्हावयाची तेव्हा होईल. गावातले तळे मात्र आजच गावाच्या हाती आहे.

तळ्यात किती पाणी येईल, याचा हिशेब कोणासही करता येतो. १ हेक्टर क्षेत्रावर १ मि.मी. पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी होते. समजा, गावठाण व त्यालगतचे क्षेत्र मिळून २० हेक्टर आहे आणि एका रात्री ५० मि.मी. पाऊस झाला. एकूण पाणी १०,००० घनमीटर झाले. त्यातील निम्मे वाहून आले असे धरले, तर ५,००० घनमीटर पाण्यास जागा हवी. म्हणजे ५० मीटर लांब, ५० मीटर रुंद व सरासरी २ मीटर खोल असे तळे हवे. गल्ल्या काँक्रीटच्या झाल्या, अंगणात फरशी आली, घरे स्लॅबची झाली, की निम्म्याऐवजी तीन चतुर्थांश पाणी वाहून येते व तेच तळे अपुरे पडते. पूर्वी कधी न बुडालेली गल्ली अलीकडे का बुडते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या हिशेबात मिळते. २०२२ साली सुरू झालेल्या अमृत सरोवर योजनेत तळ्याचे क्षेत्र किमान १ एकर व साठा सुमारे १०,००० घनमीटर असावा असे ठरविण्यात आले होते. आपले तळे त्या मानाने कोठे बसते, हे मोजून पाहावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्या जमिनीत पाणी झटकन मुरते, त्या जमिनीत घाणही झटकन मुरते. चिकण मातीतून हळूहळू झिरपताना पाणी पुष्कळसे गाळले जाते. गोटे-रेतीच्या थरात ही सोय अपुरी असते. यास्तव पायथ्याच्या पट्ट्यातील गावतळे हे गावच्या विहिरीचे तोंडच समजले पाहिजे. असे असता, कित्येक ठिकाणी गावातील सर्व गटारे तळ्यात सोडलेली आढळतात. सांडपाणी, शौचकूपांच्या टाक्यांतून वाहणारे पाणी, उकिरड्यांचे धोवण व शेतांतून वाहून आलेले खत यांमुळे पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून पाजल्यास तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते व मूल निळे पडू शकते. हे पाणी उकळून निर्दोष होत नाही. उलट पाणी आटल्याने नायट्रेटचे प्रमाण वाढते.

म्हणून पावसाच्या पाण्याची वाट आणि सांडपाण्याची वाट निराळी ठेवावी. घरोघरीचे न्हाणीचे व भांड्यांचे पाणी परसातील झाडांना द्यावे किंवा शोषखड्ड्यात जिरवावे. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १५ मीटर दूर असावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते; गोटे-रेतीच्या जमिनीत एवढ्या अंतरावर विसंबून राहू नये. जेथे गटार वळविणे शक्यच नसेल, तेथे ते तळ्यात पडण्यापूर्वी एका उथळ, लांबट चरातून फिरवावे व त्या चरात खडी भरून कर्दळ, लव्हाळे, पाणकणीस यांची दाट लागण करावी. या वनस्पतींच्या मुळांभोवती वाढणारे सूक्ष्म जीव घाणीचे विघटन करतात व गाळ खडीत अडकतो. वर्षातून एकदा ही झाडे कापून बाहेर नेली पाहिजेत. तेथेच कुजू दिल्यास शोषलेली द्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात. केळीचे कापलेले खांब व टाकाऊ घड तळ्याकाठी टाकण्याची सवय याच कारणासाठी सोडून द्यावी. त्यांचे उत्तम कंपोस्ट होते.

गाळाविषयी थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे. तळे उथळ होते एवढाच गाळाचा दोष नव्हे. बारीक चिकण गाळाचा बोटभर थर तळाशी बसला, तरी रेतीची छिद्रे बुजतात व मुरणे मंदावते. तळे भरलेले दिसते म्हणून गाव समाधानी असते, आणि विहिरींना मात्र त्याचा लाभ होत नाही. उन्हाळ्यात ते पाणी वाफ होऊन जाते. त्यासाठी नाला तळ्यास मिळतो त्या ठिकाणी एक लहान गाळकुंड खोदावे व त्याच्या मुखाशी दगडांचा सैल बांध घालावा. लोंढ्याचा वेग तेथे मोडतो व जाड गाळ तेथेच बसतो. लहान कुंड दरवर्षी साफ करणे गावास परवडते. संपूर्ण तळे दरवर्षी उपसणे परवडत नाही. तळ्याचा तळ मात्र एप्रिल-मे महिन्यांत कोरडा पडून भेगाळला म्हणजे वरची पापडी खरवडून काढावी.

काढलेला गाळ हलक्या, मुरमाड शेतात टाकावा. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागे हाच विचार होता. अगोदरच भारी व चोपण असलेल्या काळ्या जमिनीत तो टाकल्यास निचरा बिघडतो व केळीची मुळे सडतात. ज्या तळ्यात गटारे येतात तेथील गाळ भाजीपाल्याच्या वाफ्यात टाकू नये.

तळे खोल केले की काम झाले, असा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. यंत्राने उभ्या कडा काढून केलेला खड्डा म्हणजे तळे नव्हे. त्याच्या कडा पहिल्याच पावसात ढासळतात, आणि गुरे व मुले यांना तेथून वर येता येत नाही. काठास निदान तीनास एक असा उतार ठेवावा. सुशोभनासाठी तळास व काठास काँक्रीट करण्याची हौसही पायथ्याच्या पट्ट्यात सर्वथा अनाठायी आहे. ज्या कामासाठी तळे आहे, तेच त्याने बंद पडते.

बांधाबाबत सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे सांडवा. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की बांध पाहता पाहता फुटतो आणि खालच्या वस्तीवर एकदम येतो. सांडव्याच्या पातळीहून बांधाचा माथा निदान १ मीटर उंच असावा. जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचणे, मासे निसटू नयेत म्हणून त्यावर बारीक जाळी लावणे, किंवा सांडव्याच्या खालच्या वाटेवर टपरी घालणे, हे तिन्ही प्रकार धोक्याचे आहेत व ते ग्रामपंचायतीने चालू देऊ नयेत. बांधावर हरळी वाढू द्यावी. बाभूळ, पिंपळ यांसारखी झाडे उगवताच काढावीत, कारण मोठे झाड वठले की त्याची कुजलेली मुळे पाण्यास वाट देतात. घुशी व खेकडे यांची बिळे मे महिन्यातच चिकण मातीने ठोकून बुजवावीत.

डासांची तक्रार बहुतेक गावी ऐकू येते. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. खोल, उघड्या, मासे असलेल्या पाण्यात ते फारसे वाढत नाहीत. काठालगतचे दाट गवत, उथळ डबकी व घाण पाणी यांत वाढतात. तेव्हा काठ मोकळे ठेवणे व डबकी बुजविणे हाच खरा उपाय होय. गप्पी मासे बंदिस्त तळ्यात सोडावेत, नदीनाल्यात नव्हे. ते परदेशी असून आपल्या लहान माशांना उपद्रव करतात. जलपर्णीचे एखादे रोप दिसले तरी ते त्याच दिवशी उपटून उन्हात वाळवावे.

गावालगतची शेते बिनशेती होऊन तेथे वसाहती उठत आहेत. भूखंड पाडताना जुना नाला बुजविला जातो, किंवा त्यावर रस्ता काढून खाली एखादा अरुंद नळ टाकला जातो. नाल्याची नोंद गाव-नकाशात असते. परवानगीच्या वेळीच तलाठ्याकडील नकाशा काढून जागेवर मोजणी करून घ्यावी. तळ्याच्या जागेवर अतिक्रमण झाले असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात दिलेला निकाल कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा. पंजाबातील एका गावतळ्याच्या जागेवरून निघालेल्या या खटल्यात, गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याच्या योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना देण्यात आले.

शेवटी, तळे मुरते किंवा नाही हे पाहण्याची एक सोपी रीत. सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक पक्की पट्टी तळ्यात उभी करावी. पाऊस उघडल्यावर, नाल्याची आवक थांबली व सांडवाही बंद झाला म्हणजे, दर सोमवारी सकाळी पातळी वाचून ती ग्रामपंचायतीच्या वहीत लिहावी. तळ्यातून पंपाने पाणी उचलले जात असेल, तर ते त्या आठवड्यात बंद ठेवावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाफ होऊन दिवसाला सुमारे अर्धा सेंटिमीटर पाणी कमी होते. पातळी दिवसाला ३ सेंटिमीटर उतरत असेल, तर सुमारे अडीच सेंटिमीटर पाणी जमिनीत जात आहे. पुढील वर्षी त्याच सुमारास ती केवळ १ सेंटिमीटर उतरू लागली, तर तळाशी गाळ बसला आहे असे समजून त्या उन्हाळ्यात पापडी खरवडण्याचे काम ग्रामसभेपुढे ठेवावे.