कियारा : उजेडाचं नाव
(नावांच्या गावा : लेखांक ११)

गेल्या महिन्यात पुण्यात एका बारशाला गेलो होतो. आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं : कियारा. पणजीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, तुम्ही नावांवर लिहिता ना? मग याचा अर्थ काय ते सांगा बघू." हातात पेढा धरून जेवढं सांगता आलं तेवढं तिथे सांगितलं. उरलेलं या आठवड्यात.

इटलीत हे नाव लिहिताना 'सी'नंतर 'एच' घालतात, म्हणून परका माणूस हमखास 'चियारा' वाचतो. त्या भाषेत 'आय'च्या आधी नुसता 'सी' आला तर 'च', आणि मध्ये 'एच' घातला की 'क'. मूळ शब्द लॅटिन 'क्लारुस'. लॅटिनमधल्या 'क्ल'चा इटालियनमध्ये 'क्य' होतो. 'क्लाविस' म्हणजे किल्ली, तिची 'क्यावे' झाली, तशीच क्लाराची कियारा. हा 'क्लारुस' आधी आवाजासाठी होता, खणखणीत ऐकू येणारा. मग तो कानाकडून डोळ्याकडे आला आणि लख्ख, तेजस्वी झाला. पुढे कीर्तिमान माणसालाही तोच शब्द लागला. आपल्या 'उज्ज्वल'मध्येही उजेड आणि यश एकत्र नांदतात. म्हणून मी म्हटलं, "आजी, उज्ज्वला."

फरक एवढाच, की 'उज्ज्वल' आपण भाषणात वापरतो आणि 'कियारो' इटलीत स्वयंपाकघरातही चालतो. 'कळलं ना?' असं विचारायचं तर 'कियारो?' चांदणं म्हणजे 'कियारो दी लूना'. अंड्यातला पांढरा बलकही 'कियारा'च. चित्रकलेतला 'कियारोस्कुरो', म्हणजे छायाप्रकाश, आपल्याकडच्या चित्रकारांनाही ठाऊक आहे. तिथल्या मुलीला आपल्या नावाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. हे नाव शतकानुशतकं शिळं झालं नाही त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

दुसरं कारण आहे असीसी गावची एक बाई. बाराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका उमराव घराण्यातली ओर्तोलाना गरोदर होती. बाळंतपणाच्या भीतीने ती क्रुसासमोर प्रार्थना करत असे. तेव्हा तिला आवाज ऐकू आला, की तुझ्या पोटी जगाला उजळणारा प्रकाश जन्मेल. मुलगी झाली, नाव ठेवलं कियारा. ही कथा नंतर कुणी रचली असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण कियाराच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांत, नोव्हेंबर १२५३ मध्ये, तिच्याबरोबर राहिलेल्या धर्मभगिनींच्या साक्षी नोंदवल्या गेल्या, त्यात ही कथा आहे. म्हणजे मठात ती आधीपासून सांगितली जात होती. आणि सांगणारी आई तिथेच होती, कारण ओर्तोलाना स्वतः पुढे लेकीच्या मठात दाखल झाली. हा तपशील मला फार हलवून जातो. लेकीचं नाव जिने ठेवलं, तिनेच शेवटी त्या नावाचा आसरा घेतला.

कियाराने साधारण १२१२ च्या झावळ्यांच्या रविवारी रात्री घर सोडलं आणि संत फ्रान्सिसच्या हातून केस कापून घेतले. पुढची चाळीसेक वर्षं ती सान दामियानोच्या छोट्या मठात राहिली. मठ मालमत्तेशिवाय चालावा, हा तिचा हट्ट. स्त्रियांसाठी स्त्रीने लिहिलेली पहिली मठनियमावली तिची. पोपची मंजुरी आली ९ ऑगस्ट १२५३ ला, आणि दोन दिवसांनी ती गेली. १२५५ मध्ये तिला संतपद देणाऱ्या पोपच्या लॅटिन फर्मानाची सुरुवातच तिच्या नावावर श्लेष करते. आजही अकरा ऑगस्ट हा इटलीतल्या साऱ्या कियारांचा नामदिन असतो.

आणखी एक गोष्ट. एका नाताळच्या रात्री आजारपणामुळे तिला चर्चला जाता आलं नाही, पण दूरवरची उपासना तिला खोलीतच दिसली-ऐकू आली, अशी आख्यायिका आहे. त्यावरून १९५८ मध्ये पोप पायस बारावे यांनी तिला दूरचित्रवाणीची संरक्षक संत ठरवलं.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आणि या शतकाच्या आरंभी इटलीत मुलींच्या आवडत्या नावांत कियारा अगदी वरच्या रांगेत होती. आता सोफिया, अरोरा, जूलिया पुढे आहेत, पण कियारा मागे पडूनही जुनाट वाटत नाही.

आपल्याकडे मात्र ती दुसऱ्या वाटेने आली. 'क'साठी 'के' लावलेलं इंग्रजी रूप १९९८ च्या 'द लायन किंग'च्या दुसऱ्या भागात सिंबाच्या लेकीला मिळालं. २०१० च्या 'अनजाना अनजानी'तल्या नायिकेचं नाव कियारा होतं. त्यावरूनच आलिया अडवाणी पडद्यावर कियारा झाली. घोटाळा असा, की आयर्लंडमध्ये ऐकायला अगदी जवळचं एक जुनं नाव आहे आणि त्याचा अर्थ 'काळीसावळी'. म्हणून नावांच्या याद्यांत 'कियारा'पुढे कधी उजेड तर कधी अंधार लिहिलेला सापडतो. दोन नावं, दोन कुळं. इटालियन वंशावळ हवी असेल तर उजेड.

इटलीत लाडाने तिला 'कियारीना' म्हणतात. जर्मन संगीतकार शूमानने आपल्या 'कार्नाव्हाल' या पियानोरचनेत क्लारा वीकला याच नावाने गुंफलं आणि १८४० मध्ये तिच्याशी लग्न केलं. पुण्यातल्या त्या घरी परवा फोन केला, तर पणजीबाईंनी हाक 'किऊ'वर आणून ठेवली आहे.