नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि त्यांची विचारपद्धती

डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ग्रंथसंपदेचे सामान्यतः तीन विभाग करता येतात. विश्वरचनाशास्त्रावरील पाठ्यग्रंथ व संशोधनग्रंथ हा पहिला विभाग. ‘आकाशाशी जडले नाते’ यासारखी सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेली शास्त्रीय पुस्तके हा दुसरा. आणि ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह व ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या हा तिसरा. यांपैकी तिसऱ्या विभागाकडे शर्करावगुंठित गोळी म्हणून पाहण्याची रूढी आहे. औषध शास्त्राचे, साखर कथेची. विज्ञानप्रसार हा या लेखनाचा एक हेतू होता, यात शंका नाही. परंतु तेवढाच हेतू मानला, तर या कथांचे त्यांच्या कर्त्याच्या संशोधनाशी असलेले अधिक जवळचे नाते दृष्टीआड होते. ते नाते विषयाचे नसून विचारपद्धतीचे आहे.

ही पद्धती थोडक्यात अशी : एखादे गृहीत बदलावे, इतर नियम कायम ठेवावेत, आणि त्यातून जे तर्कतः निष्पन्न होईल ते कितीही चमत्कारिक वाटले तरी शेवटपर्यंत तपासावे. केंब्रिज येथे फ्रेड हॉयल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत असता नारळीकरांनी जो गुरुत्वाकर्षणविषयक सिद्धांत त्यांच्यासह १९६४ मध्ये मांडला, त्याच्या मुळाशी माख या तत्त्वज्ञ-शास्त्रज्ञाचा विचार होता. एखाद्या वस्तूचे जडत्व हा तिचा अंगभूत गुण न मानता विश्वातील इतर सर्व वस्तूंच्या अस्तित्वाचा परिणाम मानला, तर काय होईल? मग विश्वात एकच एक वस्तू असती, तर तिला जडत्वच उरले नसते! ‘असे असते तर’ हा प्रश्न येथे गणिताच्या भाषेत विचारलेला आहे. स्वतः हॉयल यांनीही ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) ही कादंबरी लिहून तोच प्रश्न कथेच्या भाषेत विचारला होता. सूर्यमालेत शिरलेला वायुमेघ बुद्धिमान असेल तर? गुरूकडून शिष्याकडे केवळ विश्वरचनेचे प्रश्न आले असे नव्हे. प्रश्न विचारण्याची ही दुहेरी रीतही आली.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन तिची टोके जोडली, की मोबियसची पट्टी तयार होते. तिच्या पृष्ठावर सरकत जाणारी डाव्या हाताची सपाट आकृती एक फेरी पूर्ण करून परतते, तेव्हा ती उजव्या हाताची झालेली असते. अवकाशालाच असा पीळ देता आला, तर त्यातून फिरून आलेल्या त्रिमित वस्तूचीही उजवी-डावी बाजू पालटेल. हा भूमितीचा निष्कर्ष सांगण्यासाठी लेखकाने गणपतीची मूर्ती निवडली. उजव्या सोंडेचा गणपती दुर्मिळ व सोवळ्याचा मानण्याचा महाराष्ट्रातील प्रघात वाचकाला ठाऊक असल्यामुळे सोंडेची दिशा त्याच्या तत्काळ लक्षात येते. जे काम पाठ्यग्रंथात आकृती करते, ते येथे घरातील मूर्ती करते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत बदललेले गृहीत इतिहासातील आहे. १७६१ च्या युद्धात विश्वासरावांना गोळी लागली. ती निसटती गेली असती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोहोचतात, की जेथे मराठे विजयी झालेले आहेत. इलेक्ट्रॉनचा मार्ग निश्चितपणे वर्तविता येत नाही, ही पुंजयामिकीची शिकवण कथेत पर्यायी जगांचा आधार म्हणून येते. मात्र कथेचा खरा कणा पुराव्याचा आहे. गंगाधरपंत परततात तेव्हा त्यांच्याजवळ त्या जगातील बखरीचे एक फाटलेले पान असते, आणि याच जगातील प्रतीशी ते पडताळून पाहिले जाते. अद्भुत अनुभवही पुराव्यावाचून मान्य होऊ नये, हा दंडक कथेतही सुटलेला नाही.

येथेच दोन्ही प्रकारच्या लेखनातील भेदही स्पष्ट होतो. कथेला अंतर्गत सुसंगती पुरते. सिद्धांताला निरीक्षणाची कसोटी द्यावी लागते. १९६५ मध्ये सूक्ष्मतरंगांच्या पार्श्वप्रारणाचा शोध प्रसिद्ध झाल्यानंतर बहुसंख्य ज्योतिर्विदांनी महास्फोटाचा पक्ष स्वीकारला. नारळीकरांनी हॉयल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये स्थिरस्थिती विश्वाची सुधारित आवृत्ती मांडली. तीही बहुमान्य झाली नाही. पर्यायी विश्वाचा विचार करण्याची मोकळीक कथेत विनामूल्य मिळते. संशोधनात तिची किंमत मोजावी लागते, आणि ती त्यांनी आयुष्यभर मोजली.

कथालेखनातही त्यांनी स्वतःला एक कसोटी लावून घेतली होती. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव बनविलेले होते. परीक्षकांनी कीर्तीला नव्हे, कथेला गुण द्यावेत, हा त्यामागील हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

या कथांच्या उणिवाही नजरेआड करता येत नाहीत. पात्रे पुष्कळदा युक्तिवाद पुढे नेण्यापुरतीच उभी राहतात, आणि संवादांना स्पष्टीकरणाचे वळण लागते. मनुष्यस्वभावाच्या चित्रणासाठी त्या वाचणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे. परंतु मराठीत ‘असे असते तर’ या प्रश्नाला शिस्त लावण्याचे जे कार्य त्यांनी केले, त्याचे मोल वेगळे आहे. २०२१ मध्ये नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका ज्योतिर्विदाकडे आले, त्यामागे हे कार्य होते. विश्वरचनाशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांचे पाठ्यग्रंथ आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यांच्या कथा वाचाव्यात, अशी वाटणी सोयीची असली तरी अपुरी आहे. दोहोंनी दोन्ही वाचले, तरच या लेखनाची एकसूत्रता प्रत्ययास येईल.