सिन्स, फॉर आणि आपला 'पासून'

"सर, मी म्हटलं 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स', तर मुलाखत घेणारा हसला. चुकलं काय?"

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधली पोरं संध्याकाळी अशा शंका घेऊन येतात. रेल्वे रुळांकाठच्या झोपड्या हटवल्यावर त्यांतली बरीच कुटुंबं इथल्या इमारतींत आली. मराठी माध्यमात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. त्यामुळे शब्द सगळ्यांकडे असतात, अडतं वाक्याच्या सांध्यात.

नियम सांगण्याआधी मी मनातलं मराठी वाक्य बोलायला लावतो. "दहा वर्षांपासून राहतोय." इथेच मेख आहे. दहा वर्षं असोत की सोमवार, आपल्याला एकच 'पासून' पुरतो. हिंदीचा 'से'ही तसाच. मग मी फळ्यावर आडवी रेघ ओढतो. डाव्या टोकाला टिंब, खाली 2015 : हे 'सिन्स'चं घर. टिंबापासून आजपर्यंतची अख्खी रेघ 'फॉर'ची. आणि 'राहतोय' म्हणून 'अ‍ॅम लिव्हिंग' नको, 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. राहणं टिंबापाशी सुरू होऊन आजवर चालत आलंय. रेघ पाहिली की पोरं स्वतःच वाक्य दुरुस्त करतात. द्वारकानाथ तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनेही मराठीचं बोट धरूनच इंग्रजी शिकवलं. मराठी वर्गाबाहेर ठेवून इंग्रजी शिकवायची हल्लीची हौस मला पटत नाही.

'डिड'पुढे 'वेन्ट' का नाही? भूतकाळ 'डिड'नेच सांगून टाकला. संपलं.

'द'चं तसं नाही. कोणतं दुकान ते ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तर 'द शॉप', नसेल तर 'अ शॉप'. आपणही तेव्हा 'एका दुकानात' म्हणतोच. इथवर गाडी नीट चालते. मग कुणीतरी विचारतं, पेशंट 'इन हॉस्पिटल' की 'इन द हॉस्पिटल'? ब्रिटनमध्ये पहिलं, अमेरिकेत दुसरं. अशा जागी कारण शोधत बसू नका, पाठ करा, असं मी सरळ सांगतो.

परवा ऐरोलीच्या कॉल सेंटरसाठी तयारी करणारीने विचारलं, "सर, 'आय हॅव अ डाउट' चालेल ना?" इथल्या ग्राहकाला ते शंका म्हणूनच कळतं. लंडनच्या ग्राहकाला मात्र वाटेल, हिचा आपल्यावर विश्वास नाही. त्याच्यापुढे 'क्वेश्चन' म्हण, म्हटलं. माझ्यापुढे डाउट चालेल.