विश्लेषण : रिबाउंडमध्ये सरस रॉय टार्पली विस्मरणात का गेला?

एनबीएतील उत्तम रिबाउंड करणाऱ्यांची चर्चा निघाली की डेनिस रॉडमनचे नाव हमखास येते. त्याच काळातील रॉय टार्पली मात्र क्वचितच कुणाला आठवतो.

रिबाउंड म्हणजे काय?
बास्केट हुकल्यावर परतलेला चेंडू ताब्यात घेणे म्हणजे रिबाउंड. त्यासाठी नुसती उंची पुरत नाही. चेंडू कुठे येईल याचा अंदाज आणि प्रतिस्पर्ध्याला रेटून जागा धरण्याची ताकदही लागते.

टार्पली किती सरस होता?
सहा फूट ११ इंच उंचीच्या टार्पलीला १९८६ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने सातव्या क्रमांकावर निवडले. १९८७-८८ मध्ये तो बहुतेक सामन्यांत राखीव म्हणून उतरला. तरीही सामन्यामागे सरासरी ११.८ रिबाउंड आणि १३.५ गुण मिळवून तो सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला. त्या वर्षी पश्चिम विभागाच्या अंतिम लढतीत डॅलसने लेकर्सना सातव्या सामन्यापर्यंत झुंजवले.

घसरण कशामुळे?
अमली पदार्थ आणि मद्याच्या व्यसनामुळे. अमली पदार्थांबाबतचे नियम वारंवार मोडल्याने १९९१ मध्ये त्याच्यावर बंदी आली. मग तो ग्रीसमध्ये आरिस आणि ऑलिम्पियाकोस संघांकडून खेळला. १९९४ मध्ये डॅलसने त्याला परत घेतले. पण मद्यपानामुळे १९९५ मध्ये एनबीएचे दार कायमचे बंद झाले.

विस्मरण का?
विक्रमांच्या याद्या एकूण बेरजेवर बनतात. टार्पलीच्या वाट्याला जेमतेम २८० सामने आले. त्यांत सरासरी १० रिबाउंड घेऊनही बेरीज तोकडीच राहिली. २०१५ मध्ये वयाच्या ५०व्या वर्षी त्याचे निधन झाले.